आई बसलेली दिसली पाहिजे

आमच्या लिंगायत वाण्यांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसलेलं नेऊन पुरतात. इतरांच्या घरी तिरडी बांधतात, आमच्याकडे लाकडी विमान सजवतात. लहानपणी मला याची भीती वाटत नसे, उलट मिरवावंसं वाटे. वर्गातल्या मुलींना मी ऐकवायचे, आमचे लोक बसून जातात. हे वाक्य आईचं. ती ते इतक्या ताठ मानेनं म्हणायची की बसून जाणं ही आमच्या घराण्यानं कष्टानं मिळवलेली इस्टेटच वाटावी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आम्ही जे केलं ते याशिवाय कुणाला समजायचं नाही. समजलं म्हणून कुणी माफ करावं असंही माझं म्हणणं नाही.

जानेफळला रस्त्यालगत आमचं किराणा दुकान होतं. मागे राहतं घर, पुढे दुकान. वडील गेल्यावर आईनं ते वीस वर्षं एकटीनं चालवलं आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बंद केलं. बंद म्हणजे माल भरणं बंद. शटर मात्र रोज सकाळी वर जायचं, आणि वडिलांच्या शिसवी खुर्चीवर आई दारात बसायची. खुर्चीची वेताची बैठक कधीच फाटली होती, तिथे वडिलांनी प्लायवूडचा तुकडा ठोकला होता. त्या फळीवर बसून आई येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायची. कोण मेहकरला चाललं, कुणाची सून माहेरून आली, कुणी तिच्याकडे न बघता पुढे गेलं. दुकान नव्हतं, पण दुकानदारीण होती.

दिवसा आडवं होणं तिला मुळीच खपत नसे. आम्हाला ताप आला तरी ती भिंतीला टेकून बसवायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात एखाद्या म्हाताऱ्या माणसानं अंथरूण धरल्याची बातमी फुटली की सोयरेधायरे भेटायला निघतात. जीपा भरून येतात. हातात बिस्किटांचे पुडे, शहाळी, मोसंबी. पलंगाभोवती उभे राहतात आणि आजाऱ्याच्या तोंडावर, तो तिथे नसल्यासारखे बोलतात. किती दिवस झाले, अन्न जातं का, ओळखतात का. मग अंगणात जाऊन चहा पितात आणि दिवस मोजतात. आई अशा शेकडो भेटींना गेलेली होती. अंगणात काय बोललं जातं हे तिला पाठ होतं, कारण त्यात तिचाही आवाज असायचा. आपल्यासाठी तो चहा होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्हा तिघा भावंडांची बैठक झाली. दोन्ही भाऊ माझ्याहून लहान, एक नाशिकला, एक बंगळूरला. मी पुण्यात शाळेत शिकवते. तिघांपैकी कुणालाच जानेफळला येऊन राहायचं नव्हतं आणि तिघांनाही ते तसं म्हणायचं नव्हतं. शेवटी नाशिकच्या भावानं तोडगा काढला. आई उठून बसते, स्वतःच्या हातानं जेवते, तोवर घरी ठेवू, माणूस लावू. अंथरुणाला खिळली की घराला कुलूप लावून नाशिकला न्यायचं. त्याच्या घराजवळ एक केंद्र आहे, तिथे अशा लोकांची सोय होते. 'अशा लोकांची' हे शब्द त्यानंच वापरले, पण मीही ते खोडले नाहीत.

दार उघडं होतं. आईनं सगळं ऐकलं असणार. कारण परत येताना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, "माय, मी बसलेली दिसली पाह्यजे. बाकी तू पाह्य."

ते मी पाहिलं. फार नीट पाहिलं.

चिखलीच्या एका संस्थेकडून घरी राहून सेवा करणाऱ्या बायका मिळायच्या. पहिली दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. दुसरी आईच्या जिभेला घाबरून आठव्या दिवशी पळाली. तिसरी आली ती टिकली. पस्तिशीची, बारीक चणीची, जवळच्याच एका खेड्यातली. अकोल्यात एका दवाखान्यात पाच वर्षं आया म्हणून राबलेली, नंतर रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. आईनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं, गावात घर कुण्या अंगाला. आमच्याकडे जात अशी विचारतात. तिनं आढेवेढे न घेता सांगितलं, बौद्ध वस्तीत. आई म्हणाली की माझ्या गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा नाही, बाकी घर तुझंच. आमचा धर्म जातपात मानत नाही असं आम्ही समाजाच्या मेळाव्यात माईकवरून सांगत असतो. त्या मानानं आईनं बरीच मजल मारली म्हणायची.

दोन महिन्यांत त्या दोघींचं असं गूळपीठ जमलं की मला फोनवर हेवा वाटायला लागला. ती आईला आंघोळ घालायची, वेणी घालायची, पूजेचं ताट मांडून पाठ फिरवून बसायची, आणि आईची लिंगपूजा आटोपली की ताट उचलायची. तिनं घास घेतल्याशिवाय आई जेवत नसे. आईच्या मोडक्या खुब्याची तिला इतकी माहिती झाली होती की उचलताना आई साधं कण्हतही नसे. डावा पाय आधी, मग कंबर, मग उजवा. तिच्याशिवाय हे कुणालाच जमलं नाही. मला तर नाहीच.

आणि मी वेळापत्रक केलं. शाळेत पंधरा वर्षं वेळापत्रक माझ्याकडे आहे, कुणाचा तास कुणावर आदळत नाही याचा मला अभिमान आहे. सकाळी आठला पूजा झाली की खुर्चीवर बसवून फोटो, तो आम्हा तिघांच्या ग्रुपवर. साडेनऊला बंगळूरचा व्हिडिओ कॉल. अकराला मधल्या सुट्टीत माझा. चारला दुसरबीडच्या मावशीचा. सहाला नाशिकचा. मधल्या वेळात दारात बसणं, गावानं तिला बघणं. जेवण झाल्यावर दुपारी तासभर पाठ टेकायची, तीही मागच्या खोलीत, दार लावून. वेळापत्रकाचा मोठा कागद मी कुरिअरनं पाठवला होता. तिनं तो दुकानाच्या रिकाम्या फळीवर चिकटवला.

फोटो रोज यायचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पदर सारखा केलेला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, नजर समोर. भाऊ हात जोडलेली चित्रं पाठवायचे. मावशी म्हणायची, तुमची आई तर आमच्यापेक्षा चांगली दिसते. मला प्रत्येक फोटोनं परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. बंगळूरचा भाऊ एकदा लिहून गेला की ताई, हे सगळं तुझ्यामुळे. हो, माझ्यामुळेच.

ऑक्टोबरात एका दुपारी त्या बाईचा फोन आला. आजीला कमरेखाली, माकडहाडावर लाल झालं होतं, दाबलं तरी लाली जात नव्हती. मी पावडर लावायला सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा फोन, की कातडं सोललं. आईला मधुमेह होता, अंगावर मांस उरलं नव्हतं, आणि बैठकीला वडिलांनी ठोकलेली फळी. इतका साधा हिशेब माझ्या नववीच्या मुलींनीसुद्धा केला असता. मी ती सांगेल ते मागवलं, मलम, जाळीदार पट्ट्या, आणि हवा भरायची लाल रबरी रिंग. रिंगवर बसलं की जखमेला फळी टेकत नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत आईच्या लुगड्याखालून ती लाल कड दिसत होती. नाशिकच्या भावानं लगेच विचारलं, हे लाल काय आहे, काही झालंय का. मी लिहिलं, उशी आहे नवीन. मग तिला फोन करून सांगितलं की फोटोला आणि कॉलला रिंग काढत जा, दवाखान्यासारखं दिसतं, त्यांना शंका येते. तेवढ्यापुरतीच काढ, नंतर पुन्हा ठेव.  आईला उचलून रिंग काढायची, पुन्हा उचलून ठेवायची, असं दिवसातून पाच वेळा, आत पट्टी असलेल्या खुब्याला. हे होणं शक्य नव्हतं. एकदा काढलेली रिंग शेवटच्या कॉलपर्यंत बाहेरच राहणार हे मला कळायला हवं होतं. मला वाटतं, कळलं होतं.

आठवड्यानं ती अकराच्या कॉलवर आईसमोर काही बोलली नाही, नंतर मागच्या खोलीतून वेगळा फोन केला. आता बसवणं बंद करावं लागेल असं तिचं म्हणणं होतं. कुशीवर निजवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, जखम भरेपर्यंत खुर्ची नाही. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, महिना, साखर आहे म्हणून कदाचित दोन. मी म्हटलं, अगं पण फोटोत तर चांगली दिसते.

"ताई," ती म्हणाली, "फोटोत पाठ नाही दिसत न."

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर राग तिच्या बोलण्याचा नव्हता, तिनं ते सांगून मला अडकवलं याचा होता. महिनाभर आई आडवी म्हणजे भावांना कळणार, मावशीला कळणार, मावशीला कळलं की दुसरबीडपासून शेगावपर्यंत सगळ्या गोताला कळणार. जीपा येणार. आणि मग घराला कुलूप. मी तिला म्हटलं, आईला विचारते. आईला फोन द्यायला सांगितला.

आई म्हणाली, "बशीन मी. हे पोरगी भिते. तू नोको भिऊ."

झालं. आईची इच्छा. या दोन शब्दांआड मी सुखानं जाऊन बसले. आईला पाठीमागे दिसत नव्हतं, मधुमेहानं तिथलं दुखणंही तिला अर्धंच कळत होतं. जिला आपली जखम दिसत नाही आणि पुरती कळतही नाही, तिच्याकडून मी निर्णय घेतला आणि तिच्याच नावावर टाकला. कॉल मात्र कमी केले, असं स्वतःला सांगितलं. माझा एक कमी केला. भावांना काय कारण सांगणार, म्हणून त्यांचे तसेच राहिले.

दिवाळीला मी चार दिवस घरी गेले. आई दारात बसलेली, नवं लुगडं, मला बघून तिनं खुर्चीवरूनच हात पुढे केले. तिच्या अंगाला वास येत होता, त्यावर अत्तर लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून मला हाक आली. ती आईचं अंग पुसत होती, आईला कुशीवर केलेलं होतं. ताई, एकदा पाहून घ्या, असं ती म्हणाली. मी उंबऱ्यापर्यंत गेले. मग चुलीवर दूध आहे असं म्हणाले आणि वळले. आमच्याकडे दहा वर्षांपासून गॅस आहे.  चौथ्या दिवशी त्या बाईच्या मुलीसाठी एक ड्रेसचं कापड तिच्या हातात ठेवून मी पुण्याच्या गाडीत बसले.

जानेवारीत फोटो यायचे बंद झाले. पहिल्या दिवशी रेंज नाही असा तिचा निरोप, दुसऱ्या दिवशी मोबाईल बिघडला असा. भावांनी मला विचारलं. मी शाळेतून तिला फोन लावला आणि लागला. मग मी तिच्यावर जे तोंडसुख घेतलं ते लिहायची लाज वाटते. फोटो काढायला एक मिनिट लागतं, तेवढंही होत नसेल तर संस्थेला कळवते, दुसरी बाई मिळेल, असं सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"आजीले दोन दिवसापासून निजवून ठेवलं हाय," ती म्हणाली. "अंगात ताप हाय. फोटो नाही काढत मी आता. तुम्ही या."

दोन दिवस तिनं आमच्याशी खोटं बोलून आईला झोपू दिलं होतं. आम्ही असतो तर तेवढंही मिळालं नसतं.

सकाळी नऊच्या सुमारास मी पोहोचले. शटर खाली होतं. माझ्या आठवणीत ते दिवसा खाली असं पहिल्यांदाच. मागच्या दारानं आत गेले. फिनेल, उदबत्ती आणि त्या दोन्हींच्या खालून येणारा तो वास. आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती, पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी. किती लहान दिसत होती. सेवेची बाई पलंगाजवळ उभी होती. तिनं मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. चादर बाजूला केली आणि पट्टी सोडली.

मी पाहिलं. तिथे खड्डा होता. माझी मूठ त्यात मावली असती. कडा काळ्या, आत पिवळं, आणि तळाशी हाड. आई ते घेऊन दिवाळीत माझ्यासमोर बसली होती आणि अनारसे बिघडले म्हणून मला हसली होती.  तिनं शांतपणे नवी पट्टी लावली, चादर सारखी केली.

आईनं डोळे उघडले. मला ओळखलं. पहिलं काय म्हणाली तर, "फोन येईन आता. उठव मले."

भावांना मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, उशीपासून.  नाशिकचा भाऊ म्हणाला, निघतो. मेहकरहून डॉक्टर आले. विष रक्तात गेलंय, लगेच अकोल्याला हलवा, तिथेही सांगता येत नाही, असं त्यांनी बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं. गाडी यायला दोन तास लागणार होते. आमचं हळू बोलणं आईला आयुष्यभर ऐकू येत आलं होतं. मी आत गेले तर तिची कूस बदललेली होती आणि ती दाराकडेच पाहत होती.

"मले बसव एकदा," ती म्हणाली. "भाईर. खुर्चीवर. गाडीत मंग घाला."

मी तिच्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. बाईनं मान हलवली. नाही. बसवलं तर त्रास होईल, रक्तदाब आधीच खाली आहे, असं तिनं आईला न ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं. तीन महिने मी तिचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. मी आईला म्हटलं, आई, जरा वेळानं बसवते हं, आत्ता पड. आईनं माझा हात सोडला. दोन-तीनदा तिनं कोपर टेकून स्वतःच उठायचा प्रयत्न केला, डोकं उशीवरून चार बोटंसुद्धा उठलं नाही. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्याशी बोलली नाही.

अकराला, माझ्या पूर्वीच्या मधल्या सुट्टीच्या कॉलच्या वेळी, तिचा श्वास थांबला. गाडी अजून रस्त्यात होती.

आई घरीच गेली. घर सोडावं लागलं नाही. तिनं मागितलं तेवढं पुरतं मिळालं, असं पुढे बऱ्याच जणांनी मला समजावलं. मी मान डोलावत राहिले. दिवसा, आडवी, माझ्यावर रुसून गेली हे त्यांना कोण सांगणार.

बातमी फुटली आणि जीपा आल्या. उशिरा का होईना आल्याच. शटर वर केलं, सतरंज्या अंथरल्या. नाशिकचा भाऊ दुपारी पोहोचला, बंगळूरचा विमानानं निघाला होता पण माती होण्याआधी पोहोचणार नव्हता. त्याला फोटो पाठवा, असं कुणीतरी म्हणालं. आमच्यात बसवलेल्या माणसाबरोबर घरच्यांचा फोटो काढतात, त्यात गैर काही नाही. मी आतल्या खोलीत बसून होते आणि माझ्या हातात त्या बाईनं रोज भरायचं संस्थेचं रजिस्टर होतं. ते एवढे महिने फळीवर, माझ्या वेळापत्रकाच्या खालीच पडून असायचं. मी ते कधी उघडलं नव्हतं. रोजचं एक पान. जेवण, साखर, औषध, लघवी, आणि एक रकाना त्वचेचा. ऑक्टोबरपासून त्या रकान्यात ठळक, शाळकरी अक्षरात लिहिलेलं होतं. लाल. मग, कातडं निघालं. मग, एक बोट. दोन बोटं. खोल. वास. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच दोन शब्द, ताईंना कळवले. दिवाळीच्या चार पानांवर थोडं वेगळं होतं. तिथे लिहिलं होतं, ताई इथेच आहेत.

बाहेर समाजाची जाणती माणसं खोळंबली होती. अंत्यविधी करणारे जंगमस्वामी आले होते. अंग ताठायच्या आत बसवायला हवं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चौघांनी आईला उचललं, पण मांडी घालता येईना. खुब्यातली पट्टी अडत होती. एकानं जोर लावला तेव्हा आतून आवाज आला आणि सगळेच थबकले. मी म्हटलं, थांबा. आणि त्या बाईला हाक मारली.

ती अंगणात, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती. आत यायचं की नाही या विचारात असेल. कुणाच्या तरी कपाळावर आठी पडली, ती मला दिसली. आमच्या समाजातल्या चार धट्ट्याकट्ट्यांना जे जमत नव्हतं ते हिला जमतं, एवढंच मी म्हटलं, आणि माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण जागा झाली. ती आली. पदर खोचला. आईच्या कानाशी वाकून रोजच्यासारखं म्हणाली, आजी, बसायचं हं आता. डावा पाय आधी. मग कंबर. मग उजवा. मांडी बसली. भिंतीला पाठ टेकवली, मान सावरली, पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. भस्माचे पट्टे स्वामींनी लावले. गळ्यातल्या लिंगाला तिनं हात लावला नाही, तेवढं तिनं आजही पाळलं.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि रिंग घेऊन आली. हवा कमी वाटली म्हणून तोंडानं फुंकून भरली. माझ्या भावाला तिनं आईला काखेत धरून किंचित उचलायला सांगितलं. त्यानं काय, कशाला, असं काही न विचारता उचललं. तिनं रिंग खाली सरकवली, बोटं फिरवून नीट मधोमध आल्याची खात्री केली आणि म्हणाली, सोडा आता.

एक म्हातारे काका पुढे झाले. हे काय घालता, काढा ते, आता काय उपयोग त्याचा, असं म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "दुखते आजीले."

कुणी काढली नाही. भावानं बंगळूरसाठी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. माझ्या मोबाईलमध्ये आईचे दीड-दोनशे फोटो आहेत, सगळे बसलेले. त्यातला हा शेवटचा. कपाळाला तीन पट्टे, पदर सारखा, डोळे मिटलेले. आणि लुगड्याखालून लाल कड दिसते आहे. या वेळी ती काढायला मी सांगितलं नाही.